उजेडबाबांची लाइन

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अख्ख्या वस्तीचे दिवे गेले. उजेडबाबांच्या हॉलमधले गेले नाहीत.

दाटीवाटीने बसलेली तीनशे माणसं एका दमात हुंकारली. मंचावर बाबांनी हात वर केला. "अंधार म्हणजे मनाचा उडालेला फ्यूज! फेज माझी, न्यूट्रल तुमच्या श्रद्धेचा! ज्याने घरात बॅटरी ठेवली, त्याने मनात शंका ठेवली!"

मागच्या भिंतीला टेकलेल्या ताईने जांभई दाबली. वीज नियंत्रण कक्षात तिची अठरा वर्षं गेली होती. आज तिची सुट्टी, म्हणून वस्तीची लाइन दुसऱ्या कुणी बंद केली होती. एरवी बाबांचा हा चमत्कार तीच करायची.

"आई, ऊठ. अण्णांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं असेल."

"शेजारीण बसलीये ना त्यांच्यापाशी. आणि मीटरला बाबांचा दोरा बांधलाय."

"मग दिवे का गेले?"

"घरात तुझ्यासारखी शंकेखोर आहे म्हणून."

"मशीनची बॅटरी कुठाय?"

आईने मंचामागच्या बंद खोलीकडे पाहिलं. "सेवेला दिली."

ताई तिला घेऊन घरी आली. तिचे वडील, अण्णा, ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर होते. तो जेमतेम अर्धा तास पुरायचा. ओठ निळसर पडले होते.

"हॉल इस्पितळाच्या भिंतीला लागून आहे," त्यांच्या पाठीवर हात फिरवत ती म्हणाली. "त्याची वायर इस्पितळाच्या लाइनीवर आहे. ती लाइन आम्ही कधी तोडत नाही. एवढीच बाबांची सिद्धी."

"तुला सगळ्यात वायरच दिसते," आई म्हणाली.

रविवारी सकाळी अकराला इस्पितळाची लाइन दुरुस्तीसाठी बंद राहणार होती. तेवढा वेळ इस्पितळ स्वतःच्या जनरेटरवर चालणार होतं. इस्पितळाच्या फाटकावर तीन दिवस सूचना लागली होती. बाबांच्या माणसांनी ती वाचली नव्हती. ताई मुद्दाम आईबरोबर गेली.

अकराच्या ठोक्याला पंखे थांबले, दिवे विझले. जाड पडद्यांमुळे हॉलमध्ये मिट्ट काळोख झाला. दाराशी बसलेल्या शिंप्याने बाहेर डोकावून सांगितलं, "समोरच्या दुकानांत लाइट आहे की!"

"तुम्हा सगळ्यांचा अंधार मी अंगावर घेतला!" काळोखातून बाबांचा आवाज आला. मग तोच आवाज हळू झाला, पण पंखे थांबल्याने तो सगळ्यांनी ऐकला. "अरे, जोडा ना लवकर!"

मंचामागे खडखड झाली. दोन दिवे लागले. उघड्या दारातून खोलीतल्या बॅटऱ्यांची रांग दिसली आणि त्यांच्यावर वाकलेला बाबांचा चेला.

आई उभी राहिली. "ती निळ्या पट्टीची आमची आहे."

"म्हणजे बाबांनाही शंका आहे वाटतं!" शिंपी म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं, मग हसू पसरलं.

लोक ताईकडे वळले. तिने उभ्या उभ्या सांगितलं, "वीज गोदामात भरून ठेवलेली नसते. तुम्ही जेवढी ओढता, तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. आमच्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी दाखवणारा काटा असतो. तो पन्नासवर राहिला पाहिजे. संध्याकाळी सगळे एकदम ओढतात, काटा खाली येतो. मग एखादी वस्ती तोडावी लागते. नाही तोडली, तर सगळंच बसतं, इस्पितळाची लाइनसुद्धा. दोरे बांधल्यापासून तुम्ही बिनधास्त सगळं चालू ठेवता, म्हणून जास्त वेळा तोडावं लागतं. सात ते आठ पंप, गिझर, इस्त्री बंद ठेवा. आणि आपापल्या बॅटऱ्या घरी न्या. विचार करायला तर वीजही लागत नाही."

निम्मे लोक बॅटऱ्या शोधायला गेले. निम्मे बसून राहिले. अकरा वीसला लाइन सुरू झाली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने बॅटरी उचलली. महिनाभर पडून ती पार उतरली होती.

सोमवारी ती ड्यूटीवर होती. सात वाजता काटा एकोणपन्नास पूर्णांक सातवर आला. वरून फोन आला: तुमची वस्ती, वीस मिनिटं.

तिने घरी फोन लावला. "बॅटरी चार्ज झाली?"

"हिरवा दिवा नाही लागला अजून."

"सिलिंडर भरून आणलास?"

"आणला. जवळच ठेवलाय." मग आई म्हणाली, "दोरा मात्र काढला नाही गं. राहू दे?"

"राहू दे. पण गिझर बंद कर."

"केला. शेजारणीलाही सांगितलं."

काटा अजून खाली येत होता. सात दहाला ताईने वस्तीची लाइन बंद केली.

सिलिंडर जोडला का विचारायला सात तेराला तिने पुन्हा फोन लावला. रिंग वाजत होती.