बोटांतल्या मुंग्या

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची शीर मला सापडली नाही, तेव्हा मी सरळ खोटं बोलले. "बाई, आज पाणी कमी प्यायलात वाटतं." त्या बिचाऱ्या ओशाळल्या आणि लगेच दोन पेले पाणी प्यायल्या. त्यांची शीर वर दिसत नाही, पण बोट ठेवलं की पटकन हाताला लागते. गेली सहा वर्षं लागतेय. त्या दिवशी मी बोट ठेवलं आणि मला काहीच कळेना. नखापासून मनगटापर्यंत नुसत्या मुंग्या.

घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त काढायचं, हे माझं काम. सकाळी सहाला मोटारसायकल काढायची, मागे नमुन्यांची पेटी बांधायची, दहापर्यंत पंधरा-सोळा घरं करून लॅबमध्ये पोचायचं. गल्लीतली पोरं मला डासताई म्हणतात. म्हणू देत. टोचलेलं कळलंसुद्धा नाही असं पेशंट म्हणतात, त्यावर माझं पोट भरतं आणि डोक्यात थोडी हवाही जाते. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटांनी शोधायची असते. ती बोटंच गेली तर माझ्याकडे उरतं काय? तोंड तर आधीच फटकळ आहे.

खरी भीती वेगळीच होती. आई शिवणकाम करायची. पंचेचाळिशीत तिच्या बोटांना अशाच मुंग्या यायला लागल्या. मग सुई धरवेना, मग बटण लावता येईना. नसांचा आजार आहे, घराण्यात उतरू शकतो किंवा उतरणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आता तिची वेणी मी घालते, बटणं मी लावते. मी त्रेचाळीस वर्षांची. हिशेब जवळपास जुळत होता.

चार महिने मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. घरी कप हातातून सुटला की म्हणायचं, ओला होता. रोज दुसऱ्यांना टोचणारी मी, पण स्वतःची तपासणी करायची म्हटलं की दहा कामं आठवायची. शेवटी लॅबच्या साहेबांना अर्ज लिहिला, मला टेबलावरचं काम द्यावं. द्यायचं धाडस होईना, म्हणून तो लॅबमधल्या माझ्या टेबलावरच ठेवला. पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर दोन लोखंडी गोळे ठेवले. तिथे पडलेलेच होते.

शनिवारी गाडीचं तेल बदलायला गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाले काका म्हणजे सत्तरीचा माणूस, कुणाचीही गाडी स्वतः एक फेरी मारल्याशिवाय परत देत नाहीत. फेरी मारून आले आणि उतरल्या उतरल्या हात झटकायला लागले.

"ताई, हे हँडल आहे की पिठाची गिरणी? माझी बोटं बधिर झाली की हो."

मी त्यांच्या हाताकडे बघतच राहिले. काका अगदी माझ्यासारखाच हात झटकत होते.

"टोकाची वजनं कुठायत?" त्यांनी हँडलच्या दोन्ही टोकांना बोट लावून विचारलं. तिथे नुसती भोकं होती.

"ती? मी काढली. शोभेचीच तर होती."

"शोभेची!" काकांनी कपाळाला हात लावला. "कशाला काढली?"

आता सांगणं भाग होतं. आमची लॅब नव्या इमारतीत गेली, तिथलं मागचं फाटक अरुंद. गाडी दोन बोटांसाठी अडायची. पेटी वेळेत आत पोचली नाही तर नमुने वाया. मी पहिल्याच दिवशी वैतागून पाना आणला आणि दोन्ही टोकं खोलून टाकली. गाडी आत गेली. स्वतःवर फार खूश झाले होते मी त्या दिवशी.

"अहो, हँडल वळतं," काका म्हणाले. "वळवून आधी एक टोक घालायचं, मग दुसरं. त्यासाठीच तर वळतं ते."

मी हँडल धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून बघितलं. खरंच वळत होतं.

"इंजिनची थरथर हँडलमधून हातात येते," ते सांगू लागले. "टोकाला वजन असलं की हँडल कमी थरथरतं. तुम्ही वजनच काढलंत. वर मुठींचं रबर झिजून दगड झालंय, इंजिनचा एक बोल्टही सैल आहे. आणि तुम्ही हँडल आवळून धरत असणार. हाताला मुंग्या येतात का?"

"येतात," मी म्हणाले. आईला न सांगितलेलं, साहेबांना न सांगितलेलं, ते तेलानं माखलेल्या या माणसाला सांगून टाकलं. "हात बधिर झाला की वाटतं सुटेल, म्हणून अजून घट्ट धरते."

"म्हणजे अजून मुंग्या. कधीपासून?"

"चार महिने."

"आणि वजनं कधी काढली?"

लॅब हलली त्याला चार महिने झाले होते. मी गॅरेजच्या पायरीवर बसले. रडू येत होतं की हसू, मलाच कळेना.

"लगेच नाचू नका," काका म्हणाले. "गाडी चार दिवस इथे ठेवा, बसनं फिरा. मुंग्या गेल्या तर माझ्या खात्यातल्या, राहिल्या तर डॉक्टरांच्या. गेल्या तरी एकदा दाखवून या. मी फक्त गाड्यांचा."

त्याच दुपारी लॅबमध्ये जाऊन अर्जावरचे दोन्ही गोळे उचलले. हो, तीच ती वजनं. माझ्या डोळ्यांसमोर चार महिने टेबलावर पडून होती. पंख्यानं अर्ज उडून कपाटाखाली गेला. मी वाकून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मुंग्या निम्म्या झाल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नसांची तपासणी केली आणि म्हणाले, नसा चांगल्या आहेत, आईचा आजार यात कुठेच दिसत नाही, मूठ सैल ठेवा आणि मध्ये मध्ये थांबून बोटं हलवा. माझा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी काकांनी वजनं लावून, बोल्ट आवळून, जाड मऊ मुठी चढवून गाडी दिली. "पेशंटचा हात धरता ना, तसं धरायचं," एवढंच बजावलं.

पाचव्या दिवशी आईचं रक्त काढायचं होतं. दर महिन्याला असतं आणि ती माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. सगळी घरं करून शेवटी घरी आले. आईनं खिडकीपाशी बसून हात पुढे केला. मी बोट ठेवलं. कातडीखाली बारीक, किंचित सरकणारी शीर बोटाला स्वच्छ लागली. एका टोचणीत काम झालं.

"सापडली?" आईनं विचारलं.

"सापडली."

"बोटाला लागली?"

मी मान वर केली. ती माझ्या हाताकडे बघत होती, सुईकडे नाही.

"चार महिने हात झटकतेस. ओला कप म्हणे! माझे हात गेलेत, डोळे नाही गेले." ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच तुला दिलं मी. द्यायला दुसरं काही नव्हतं का माझ्याजवळ?"

"आई, तुझं नाहीच ते. गाडीचं होतं. डॉक्टरांनी तपासलंय, नसा चांगल्या आहेत."

"गाडीचं?"

"हँडलची वजनं मीच काढून ठेवली होती. फाटकातून जाईना म्हणून."

 आई हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मूर्ख कुठली!" ती म्हणाली. तिला डोळे पुसता येईनात, म्हणून मी तिच्याच पदरानं पुसले. मग तिनं दुसरा हातही माझ्यापुढे केला.

"हवं तर यातूनही काढ."