कापसाचं आमिष

खारीनं नवी कोरी गादी पुन्हा उसवली, तसा दीर वैतागला. “वहिनी, तुमचे लाड पुरे झाले. संध्याकाळी मी विष ठेवणार.”

 गादीवालीला खार धरायची होती, पण जिवंत. आता हातात उरली फक्त दुपार.

तिनं लावलेल्या पिंजऱ्यातले शेंगदाणे मुंग्यांनी पळवले होते, सफरचंदाची फोड सुकून गेली होती. खार काही फिरकली नव्हती.

“पाहुणीला पक्वान्नं आवडत नाहीत वाटतं!” दिरानं टोमणा मारला.

कापूस पिंजता पिंजता गादीवालीचं लक्ष वर गेलं. भिंतीवरच्या फळीवरून खार तुरुतुरु आली, पिंजऱ्याकडे ढुंकूनही न बघता ढिगावर उतरली आणि तोंडभर कापूस घेऊन पळाली. पोट चांगलंच जड होतं तिचं.

“अगं बाई! ही जेवायला येतच नाही, बाळंतपणाची गादी न्यायला येते. माझंच गिऱ्हाईक की!”

तिनं ढीग पोत्यात बांधला, पिंजरा त्याच फळीवर चढवला, डुगडुगू नये म्हणून सुतळीनं आवळला आणि आत सगळ्यात मऊ पुंजका ठेवला.

ऊन कलायच्या आत खटकन दार पडलं.

“भावोजी, तुमचं विष परत करून या!” तिची आरोळी गल्लीभर घुमली.

गावाबाहेरच्या झाडाखाली तिनं पिंजरा उघडला. खार पुंजका तोंडात धरून सरसर वर चढली. गादीवालीनं ओंजळभर कापूस बुंध्याशी ठेवला.

“घे गं बाई, ही गादी माझ्याकडून!”