बोटाएवढी फट

“मैने, करंगळी घाल गं फटीत. जातेय काय?”

मित्रांनो, फार वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून माझ्या काड्यांत घुमतो. मी एक जुना, मासे धरायचा बांबूचा सापळा आहे. गणेशपुरीजवळच्या पाड्यात महादूबाबांनी मला विणलं. कोवळे कोंब राखून त्यांनी जून बांबू तोडला आणि नव्या सुनेच्या, मैनेच्या करंगळीवर माझी फट बेतली. मोठा मासा अडावा, पिल्लू निसटावं. अंड्यांनी भरलेली मासळी सापडली, तर बाबा तिला ओंजळीतून परत ओहोळात सोडत.

“जा बाय, बाळंत होऊन ये.”

भाताच्या बांधाशी मी पाण्यात बसे. संध्याकाळी मैना मला उचली, तेव्हा घरापुरती मासळी माझ्या पोटात उड्या मारत असे. बाबा माझ्या पाठीवर थाप मारत. किती बरं वाटे!

मग नारपोलीला कापडाच्या लूमवर कामाला असलेल्या रघूने, मैनेच्या नवऱ्याने, शहरातून मच्छरदाणीची बारीक जाळी आणली.

“बाबा, तुझा सापला म्हंजे धरमशाला! मासं येतान नि जातान.”

सगळे हसले. बाबांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. मैनेने तोंड उघडलं, अन् पदर ओठांवर धरला.

मी चुलीवरच्या वाशाला टांगला गेलो. धुराने काळवंडलो. खाली कालवणात तांदळाएवढी पिल्लं शिजत. मैना ती ताटाच्या कडेला सारून नुसता भात जेवे.

काही पावसाळे गेले आणि ओहोळ मुका झाला. जाळीत पानं येत, चिखल येई. मासा येईना. बाबांचे हातही आता थरथरू लागले होते.

सुट्टीवर आलेल्या रघूने एकदा रिकामी जाळी झटकली. “हिच्याहून बारीक आनतो.”

मित्रांनो, मला वाचा नाही. पण ज्यांना आहे, त्यांनी ओहोळासाठी वेळेवर बोलावं, एवढीच माझी विनवणी.

मैनेने मला खाली काढलं. पदराने माझी काजळी पुसली.

“बारीक न्हाय आनायची,” ती म्हणाली. “त्या दिशीच सांगनार व्हते. सासऱ्यादेखत नवऱ्याला कशी बोलू, म्हून गिळलं. आवं, ती पिलं फुडल्या सालची मासली व्हती. तिच्या आया बी आपन खाल्ल्या.”

रघू जाळी बाजूला ठेवून खाली बसला. तिने मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

“बाबांचं हात चालतान तवर इनायला शिका. मापाला माझी करंगळी हाय.”