पाहुण्यांच्या खुर्चीला आलेला संशय

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. भोपाळच्या अवधपुरीत निवृत्त कामगारांच्या एका संस्थेचे कार्यालय आहे. माझे आयुष्य तिथेच गेले. त्यांच्याच कारखान्याच्या सुतारखान्यात मला घडवले. वेताची बैठक विणून झाल्यावर सगळ्यांनी आळीपाळीने बसून पाहिले, वाखाणले आणि मला पाहुण्यांसाठी राखून ठेवले.

या संस्थेकडे औषधोपचाराचा निधी आहे. कामगारांनी पगारातून थोडे थोडे टाकून तो उभा केला. म्हातारपणी कुणाचे ऑपरेशन निघाले, की खर्च त्यातूनच होतो. विश्वस्तांनी तो जपून विभागला होता. मोठा भाग सरकारी रोख्यांत, काही चांगल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये, थोडा सोन्यात आणि लगेच लागणारा बँकेत. या निधीवर डोळा ठेवून येणारे सगळे माझ्यावरच बसत. त्यामुळे माझा स्वभावच संशयी झाला.

काही वर्षांपूर्वी तुषार नावाचे एक सल्लागार आले. शहराच्या कडेला मिसरोदला मोठी व्यापारी इमारत होते आहे, रोखे आणि शेअर विकून जवळजवळ सगळा निधी तिच्यात गुंतवा, उत्पन्न दुप्पट होईल, असे ते सांगत होते. चित्रे सुंदर होती. पण जोखमीचे पान आले की ते पटकन उलटत आणि माझ्या अगदी कडेला सरकून बसत. मला ते काही बरे वाटेना.

अध्यक्ष अच्युतराव मात्र भारावले. त्यांच्या पत्नीचे, नलिनीबाईंचे, डायलिसिस याच निधीतून चालू होते. उपचार महागत चालले होते, निधी पुरेल का ही काळजी त्यांना पोखरत होती. काळजीतल्या माणसाला असे बोलणे चटकन पटते. मला म्हणूनच जास्त भीती वाटली.

विश्वस्तांत इंदुमतीताई होत्या. पूर्वी कारखान्याच्या लेखा विभागात काम केलेल्या. त्यांनी शांतपणे विचारले, "मधेच पैसे लागले तर?"

सात वर्षे काढता येणार नाहीत, असे तुषार हळूच म्हणाले.

"आणि तुमची फी कोण देतं? आम्ही, की इमारतवाले?"

ते चुळबुळले, माझा वेत करकरला.

"दोघंही," ते म्हणाले.

अच्युतरावांनी ती चित्रे बाजूला सारली. मग म्हणाले, "ताई, नलिनीचा उपचार सात वर्षं थांबणार नाही."

निधी होता तसाच विभागलेला राहिला. दुसऱ्या एका संस्थेने मात्र त्या इमारतीत पैसे घातले. गाळे रिकामेच राहिले आणि तिथल्या लोकांना आपली ऑपरेशने पुढे ढकलावी लागली.

आता सल्लागार संगणकाच्या पडद्यावरच भेटतात. मी जिन्याखाली पडून आहे, वेत उसवला आहे. पडद्यातल्या माणसावर भरवसा कसा ठेवतात, मला कळत नाही. दवाखान्यातून परतताना नलिनीबाई कधी कधी कार्यालयात थांबतात आणि दम खायला माझ्यावर टेकतात. तेव्हा मी अंग सावरून धरते.

मित्रांनो, माझा वेत कुणी पुन्हा विणला तर मला आनंदच होईल. पण उद्या तुमच्या हाती दुसऱ्यांच्या कष्टाचे काही सोपवले गेले, तर मनात आलेला संशय भिडेपोटी गिळू नका. समोरच्याला राग आला तरी विचारा. घरी कुणीतरी त्या पैशांच्या आधाराने जगत असते.