एकोणपन्नास दिशा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे लोक हमखास चुकतात. कोणी मला दिव्याचा स्टँड समजते, कोणी टोप्या अडकवायची खुंटी. एका पाहुण्याने तर मला पाहून "हे काय, पोपटाला बसायला?" असे विचारले होते. मी जुना लाकडी सांगाडा आहे, हे खरे. पण साधासुधा नाही. विद्यापीठात पहिल्या वर्षाला जे रेषीय बीजगणित शिकवतात, त्यासाठी मला घडवले आहे. या विभागात माझ्याइतके विद्यार्थी कुणाच्या हाताखालून गेले नसतील. हे मी जरा मान ताठ करूनच सांगतो.

माझा जन्म विद्यापीठाच्या सुतारशाळेत झाला. गणिताच्या बाई तेव्हा नोकरीत नव्या होत्या. त्यांच्या वर्गातल्या मुलांचे हात सारण्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटी, सोडवताना यंत्रासारखे चालत. पण आलेल्या उत्तराचा अर्थ विचारला, की सगळे छताकडे बघत. बाईंना हे सहन होईना. एक दिवस त्या कागदाची सुरळी घेऊन मिस्त्रींकडे आल्या.

"मिस्त्री, मला पोरांच्या हातात दिशा द्यायची आहे."

"दिशा? बाई, मी टेबलं बनवतो."

"मग तिपाई बनवतच असाल की. तिचे तिन्ही पाय एकाच ओळीत बसवले तर काय होईल?"

"आडवी होईल. दुसरं काय?"

"तेवढंच मला सहा महिने शिकवायचं असतं."

मिस्त्री हसले आणि कामाला लागले. दीड फुटी सागवानी पाट, त्यावर बुटका खांब आणि खांबावर टेनिसच्या चेंडूपेक्षा जरा मोठा लाकडी गोळा. हा गोळा म्हणजे आरंभबिंदू; सगळे मोजमाप तिथून सुरू होते. गोळ्यातून तीन पितळी गज निघाले: एक उजवीकडे, एक समोर, एक सरळ वर. हे माझे तीन अक्ष. त्यांवर बोटाबोटाच्या अंतरावर खाचा. मग बाईंनी प्रत्येक अक्षावर शून्यापासून तीनपर्यंतचे आकडे घेऊन होणाऱ्या सगळ्या दिशा मोजल्या. तीन अक्ष धरून त्या एकोणपन्नास भरल्या. उरलेल्या शेहेचाळीस दिशांसाठी मिस्त्रींनी गोळ्याला शेहेचाळीस भोके पाडली. त्यांत बसवायला वेगवेगळ्या लांबीचे लाकडी बाण केले. गणितात अशा बाणाला सदिश म्हणतात. शेवटी एका कडेला अर्धगोल खाच असलेली पातळ, गुळगुळीत फळी केली. उभा गज काटकोनात बसेना, तेव्हा मिस्त्रींनी तो तीनदा उपटून पुन्हा बसवला. चौथ्यांदा बसला, तेव्हा कुठे ते पाणी प्यायले.

माझे काम मी तुम्हाला थोडक्यात सांगतो. दोन बाण लावा आणि त्यांच्यावर फळी टेकवा. त्या दोघांना मिळून जिथे जिथे पोहोचता येते, ती सगळी जागा त्या फळीच्या सपाटीत असते. तिसरा बाणही त्याच फळीला टेकला तर तो परतंत्र, म्हणजे पहिल्या दोघांच्या जिवावर जगणारा. आणि फळी सोडून बाहेर निघाला तर स्वतंत्र.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "अरे, म्हणजे हा तिसरा नुसता फुकटा आहे!" सगळा वर्ग हसला. बाईंनी मात्र फळ्यावर 'परतंत्र' या शब्दापुढे 'फुकटा' असे लिहिले. त्या विषयात दरवर्षी निम्मी मुले गळायची, ती त्या वर्षी गळाली नाहीत. मग दुसऱ्या तुकड्यांचे शिक्षकही मला मागून नेऊ लागले. माझ्यासाठी त्यांच्यात वादावादी होई. एकदा तर मला एका दिवसात चार वर्ग करावे लागले. गोळ्याची भोके सैल पडली; पण कुरकुर कसली? अंगात वारे भरल्यासारखे झाले होते.

अशी बरीच वर्षे गेली. मग वर्गात मोठा पडदा आला. त्यावर निळे-तांबडे बाण आपोआप फिरत आणि सपाटी पारदर्शक दिसे. खरे सांगतो, मित्रांनो, ते दृश्य सुंदर होते. मलाही पाहत राहावेसे वाटे. बाईंनाही ते आवडले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. मला कपाटावर ठेवले गेले. तिथे माझ्या आडव्या गजांवर लोक ओल्या छत्र्या लटकवू लागले. कोणीतरी उभ्या गजावर जड पिशवी अडकवली. बाणांच्या पेटीतले चार बाण हरवले. त्यांपैकी एकाने शिपाईमामा चहा ढवळत. मी कोणालाच दोष देत नाही. पण कपाटावरून खालचा वर्ग ऐकू येई, आणि बाई "आता तिसरा बाण बघा" म्हणाल्या, की माझा जीव कासावीस होई.

आणि एका वर्षी ती आली. प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायची, म्हणून मुले तिला 'वकील' म्हणत. ती जन्मापासून अंध होती. पांढरी काठी टेकत यायची आणि तिसऱ्या बाकावर बसायची. आकडेमोड तोंडी करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. एके दिवशी बाई पडद्यावरचा बाण फिरवत म्हणाल्या, "आता हा निळा बाण असा फिरतो, आणि सपाटीच्या बाहेर असा निघतो."

"बाई," वकील म्हणाली, "'असा' म्हणजे कसा?"

दोघेतिघे हसले. बाई हसल्या नाहीत. इतकी वर्षे शिकवून त्यांना त्या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देता येईना.

तास संपल्यावर विभागप्रमुख आले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही. "हा आकृत्यांचा विषय आहे," ते वकिलाला म्हणाले. "सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. बाहेरचे परीक्षक येतात. त्यात नापास झालीस, तर मुख्य विषय म्हणून गणित मिळणार नाही आणि वर्षही जाईल. आत्ताच विषय बदल. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"सर, माझं भलं मला ओळखू येतं," वकील म्हणाली. "आकृती ओळखू येत नाही, एवढंच. ती कुणीतरी हातात द्या."

हातात द्या! मी कपाटावर नुसता थरथरलो. बाईंनी वर पाहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जसे घरातले माणूस जेवायला बोलवायचे राहून गेले असावे.

"मामा," त्या शिपाईमामांना म्हणाल्या, "त्या छत्र्या काढा. आणि त्याला खाली घ्या."

मामांनी मला ओल्या फडक्याने पुसले. वकिलाने दोन्ही हात पुढे केले. मित्रांनो, हजारो हात माझ्यावरून फिरले असतील, पण असे हात नाही. तिने पाट चाचपला, गोळा मुठीत धरला, खाचा मोजल्या, एकेका भोकात करंगळीचे नख घालून पाहिले. मग उभ्या गजावर तिचे बोट थांबले.

"बाई, हा डावीकडे कललाय."

बाईंनी वाकून पाहिले, मामांनी चष्मा लावून पाहिले. कुणाला काही दिसेना. शेवटी काटकोन तपासायचा गुण्या लावला, तेव्हा गज खरोखरच दोन अंश कललेला निघाला. त्या पिशवीची करामत! माझी मान शरमेने खाली गेली. पण सुतारशाळेतल्या नव्या माणसाने त्याच दिवशी तो सरळ करून दिला. हरवलेल्या बाणांच्या जागी बाईंनी आपल्या विणकामाच्या सुया दिल्या. मामांनीही चहाचा बाण धुऊन परत केला.

मग रोज दुपारी तीन वाजता आमचा तास सुरू झाला. बाई आकडे सांगत, वकील बाण लावी. सुरुवातीचे दोन आठवडे फार कठीण गेले. ती उजवीकडचा आणि समोरचा अक्ष उलटसुलट करी, चिडे, बाण आपटे. एकदा तर म्हणाली, "सरांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं." बाईंनी समजूत घातली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "बरं. पुढचे आकडे घे. दोन, एक, तीन." आणि वकिलाने नाक ओढत बाण लावला.

एका दुपारी बाईंनी सांगितले, की तीन बाण तीन कडा धरून एक तिरकी पेटी बनवतात, आणि निश्चयक नावाचा आकडा, त्याचे चिन्ह सोडून दिले, तर त्या पेटीचे घनफळ सांगतो. वकील बाण चाचपत राहिली. तिसरा बाण तिने सपाटीच्या जवळ, अजून जवळ आणत नेला, आणि एकदम पाटावर थाप मारली.

"चपटी झाली! निश्चयक शून्य म्हणजे पेटी चपटी झाली! बाई, मी महिनाभर नुसती शून्यं काढत होते, आणि हे मला कुणी सांगितलंच नाही?"

थापेने एक सुई उडाली, ती थेट मामांच्या कपात. "मी तर आधीच बाण परत केला होता," मामा म्हणाले. बाई इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावे लागले.

हळूहळू वर्गातली इतर मुलेही तीन वाजता येऊ लागली. पडद्यावर सगळे दिसूनही त्यांना समजले नव्हते. वकील त्यांना डोळे मिटायला लावी आणि त्यांचे हात माझ्यावर ठेवी. "बघू नकोस, चाचप," असे दरडावून सांगे. जे हसले होते, तेही त्यांत होते.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. टेबलाच्या एका बाजूला परीक्षक, शेजारी विभागप्रमुख. दुसऱ्या बाजूला वकील आणि मधोमध मी. बाईंना आत बसायची परवानगी नव्हती. परीक्षक किडकिडीत, जाड चष्म्याचे, फार हळू बोलणारे गृहस्थ होते.

"तीन सदिश सांगतो. एक, दोन, शून्य. शून्य, एक, एक. एक, तीन, एक."

वकिलाने तीन बाण लावले, फळी टेकवली. फळी शांत बसली. "परतंत्र. पहिल्या दोघांची बेरीज म्हणजेच तिसरा."

परीक्षकांनी तिसरा बाण उपसला आणि शेजारच्या भोकात खोचला. "आता?"

विभागप्रमुख पुढे वाकले. "मला तर सारखंच दिसतंय."

वकिलाने फळी ठेवली. फळी डुगडुगली. तिने बाणाच्या टोकापासून गजापर्यंत बोटाने अंतर मोजले. "आता एक, तीन, दोन झाला. फळीतून बाहेर आला. स्वतंत्र."

परीक्षकांनी कागदावर निश्चयक काढला. एक आला, शून्य नाही. मला वाटले, झाले! पण ते म्हणाले, "ठीक. आता हा सांगाडा बाजूला ठेवा."

मला उचलून खिडकीत ठेवले गेले. माझ्याशिवाय तिचे कसे होणार?

"चार मितींतले चार सदिश सांगतो. एक, शून्य, एक, शून्य. शून्य, एक, शून्य, एक. एक, एक, शून्य, शून्य. शून्य, शून्य, एक, एक. स्वतंत्र की परतंत्र?"

मित्रांनो, मला तीनच अक्ष. चौथा बसवायला माझ्या अंगात जागाच नाही. वकिलाचे हात टेबलावर रिकामे होते. बोटे जराशी हलली, मग थांबली.

"पहिल्या दोघांची बेरीज चारही एक," ती सावकाश म्हणाली. "शेवटच्या दोघांचीही चारही एक. म्हणजे पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला, की चौथा मिळतो. चौथा फुकटा आहे. माफ करा, सर, परतंत्र."

परीक्षक पुढे सरकले. "हे तुम्ही कसं पाहिलंत?"

"पाहिलं नाही, सर," वकील हसून म्हणाली. "चौथ्या मितीत आपण सगळे सारखेच. तिथे तुमच्या चष्म्याचाही उपयोग नाही."

विभागप्रमुखांचा चेहरा पडला. आता पोरगी गेली, असेच त्यांना वाटले. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, आणि न घालताच गुण लिहिले. ते गुण त्या वर्षीचे सर्वांत जास्त होते. दाराबाहेर बाई उभ्या होत्या. विभागप्रमुखांनी त्यांना आधी गुण सांगितले, मग जरा घुटमळून म्हणाले, "बाई, विषय बदल म्हणालो होतो, ते माझं चुकलं." आणि तेच ते वकिलाशीही बोलले.

त्या क्षणी मला काय वाटले, सांगू? वाईट वाटायला हवे होते, कारण ती माझ्या पलीकडे निघून गेली होती. पण माझी छाती लाकडाची नसती, तर फुटली असती. मी तिला तीन दिशा दिल्या. चौथी तिने माझ्याशिवाय शोधली. शिकवणाऱ्याला याहून मोठे बक्षीस कोणते?

मित्रांनो, नवे जरूर आणा. नवे फार देखणे असते. फक्त जुने टाकण्यापूर्वी त्याच्यावर एकदा हात फिरवा, त्याची धूळ पुसा, सैल झालेले घट्ट करा. तुम्हाला त्याचा उपयोग संपला असे वाटत असताना, कुणीतरी त्याचीच वाट पाहत असेल.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. जाण्याच्या दिवशी त्यांनी एक जाड पुठ्ठा कापून माझ्या पाटाला बांधला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे: 'वापरात आहे. हलवू नये.' त्याखाली वकिलाने हीच दोन वाक्ये उठावाच्या ठिपक्यांनी टोचली आहेत. हात लावून वाचा.