परत केलेलं मशीन

चोर अकरा दिवसांत जामिनावर सुटला. मशीन मात्र दोन वर्षं झाली तरी आतच होतं. सुरुवातीला मी हे गमतीने सांगायचो. पुढे पुढे सांगताना माझं मलाच हसू येईना.

मी पोलीस ठाण्यातला हवालदार, मुद्देमाल खोलीचा. गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तू जिथे ठेवतात त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. लोकांना वाटतं पोलीस म्हणजे धावणारा, पकडणारा. मी गेली नऊ वर्षं नुसता बसलोय. समोर सायकली, पंखे, तांब्याच्या तारेची भेंडोळी, एक व्हायोलिन आणि चौकटीसकट उचलून आणलेले तीन दरवाजे. दरवाजे कुणी चोरले आणि कसे, ते विचारू नका. प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याचं लेबल, लेबलावर नंबर, आणि तो नंबर रजिस्टरमध्ये. वस्तू सडल्या तरी चालतील, रजिस्टरला धक्का लागता कामा नये, असा आमच्याकडचा कारभार.

दोनशे सतरा नंबरला ते शिलाई मशीन होतं. ओतीव लोखंडाचं, पायाने चालवायचं, ताडपत्री आणि कॅनव्हास शिवायला लागतं तसलं दणकट. अशी मशीनं आता बनत नाहीत. मालकीण पन्नाशीची विधवा बाई. हाताखाली दोघीजणी घेऊन शाळेची दप्तरं शिवायची. एके दिवशी तिच्या खोलीचं कुलूप फोडून कुणीतरी मशीन पळवलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते भंगारवाल्याकडे सापडलं. चोरही सापडला. तिथवर आमची कामगिरी एकदम झकास. पुढे मशीन पुरावा झालं आणि सगळं ठप्प.

हाताखालच्या दोघी दुसरीकडे कामाला लागल्या. बाई स्वतः पुठ्ठ्याच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने खोकी चिकटवायला लागली. पाय सुजतात म्हणून चपलेचे पट्टे सैल करून घेतलेले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती माझ्याकडे यायची, पिशवीत तेलाची बाटली आणि जुनं फडकं घेऊन. पुराव्याला हात लावू देऊ नये हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पहिल्याच वेळी ती म्हणाली, "लोखंड आहे भाऊ, बसून राहिलं की मरतं," आणि मी कुलूप काढलं. ती तेल घालायची, चाक चार वेळा फिरवून बघायची, फडक्याने पुसायची आणि निघून जायची. अर्ध्या तासाचं काम. तेवढा वेळ मी बाहेर, खोलीच्या दाराकडे पाठ करून बसायचो.

कोर्टात तिने अर्ज केला होता. खटला चालेल तेव्हा चालेल, तोवर मशीन माझ्या ताब्यात द्या, बोलावाल तेव्हा हजर करते. साधी गोष्ट. पण एका तारखेला न्यायाधीशांची बदली झाली होती आणि दुसऱ्या तारखेला वकिलांचा बंद होता. तिसऱ्या वेळी कोर्टाने आमच्या ठाण्याचं म्हणणं मागवलं. मी 'हरकत नाही' एवढं लिहून कागद ठाण्याच्या साहेबांपुढे ठेवला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सरकारने सुधारणा जाहीर केली.

न्याय आणि पोलीस यांचे सगळे कायदे मुळापासून बदलणार. मसुदा एकशे चाळीस पानी. त्यात एक कलम होतं, की जप्त वस्तूचा फोटो काढून ठेवायचा आणि वस्तू तीस दिवसांत मालकाला परत करायची. मला खरोखर आनंद झाला. घरी जाऊन बायकोला ते कलम मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, तीस दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे ते लिहिलंय का? मी म्हटलं, लिहिलं असेल पुढे. पुढे लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर जो तो एकच पाठ म्हणायला लागला, नवा कायदा येतोय. साहेबांनी माझा कागद बाजूला सारला. नवा कायदा येतोय, आता जुन्या पद्धतीने कशाला? कोर्टातला कारकून म्हणाला, येतोयच की, थांबा जरा. पूर्वी निदान रडतखडत का होईना, वर्षाला पाचपन्नास वस्तू सुटायच्या. आता एकही सुटेना. पाहुणे यायचेत म्हणून घरच्यांना उपाशी बसवावं, तशी गत. आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. मसुदा समितीकडे गेला, समितीकडून दुसऱ्या समितीकडे, तिथून लोकांच्या सूचनांसाठी परत. दर वेळी वर्तमानपत्रात 'ऐतिहासिक पाऊल' छापून यायचं. पाऊल एवढं ऐतिहासिक की उचललंच जात नव्हतं.

मग एक दिवस समितीच आमच्या ठाण्यात आली. पाच माणसं नाकाला रुमाल लावून माझ्या खोलीत उभी राहिली. अध्यक्ष म्हणून एक करड्या केसांच्या बाई होत्या. गंजलेल्या ढिगात एकच वस्तू लखलखत होती, ती त्यांना दिसली. हे मशीन इतकं चांगलं कसं राहिलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार एवढ्यात साहेब म्हणाले, नियमित देखभाल असते मॅडम. मॅडम खूश झाल्या. त्यांनी फोटो काढून घेतले आणि जाताना सांगून गेल्या, की मसुदा लोकांपुढे मांडायच्या कार्यक्रमात हीच वस्तू मंत्र्यांच्या हस्ते मालकाला परत करायची. लोकांना कायदा समजायला हवा.

मी स्वतः पुठ्ठ्याच्या कारखान्यात जाऊन मशीनवाल्या बाईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "खरंच देणार ना?" मी म्हणालो, मंत्री स्वतः देणार म्हटल्यावर आणखी काय पाहिजे. असं बोलायची मला काय घाई होती कोण जाणे.

कार्यक्रम सभागृहात होता. चार शिपायांनी घाम गाळत मशीन व्यासपीठावर चढवलं. त्याला लाल फीत बांधली. मंत्र्यांच्या हातून काही द्यायचं तर कागद पक्का हवा, म्हणून साहेबांनी रजिस्टरही तिथेच आणवलं. दोनशे सतरासमोर मी लिहिलं, 'मालकास परत'. खाली माझी सही, साहेबांची सही, बाईंची सही. कॅमेऱ्याने रजिस्टरचं ते पान जवळून टिपलं. फीत कापली, टाळ्या झाल्या. न्याय आता तुमच्या दारात येणार, असं मंत्री म्हणाले आणि बरंच काही म्हणाले. भाषण चालू असताना बाईंचा हात मशीनच्या चाकावर होता. त्यांनी तो एकदाही काढला नाही.

त्यांनी मागच्या दाराला टेंपो आणला होता. त्यात त्यांच्या हाताखालच्या जुन्या दोघी बसल्या होत्या, सुट्टी घेऊन आलेल्या. मंडळी चहाला पांगली तशी बाईंनी मशीनच्या फळीला हात घातला, आणि साहेब आडवे आले. म्हणाले, कोर्टाचा आदेश कुठाय? हे प्रात्यक्षिक होतं बाई. कायदा अजून मंजूर कुठे झालाय?

मशीन आमच्या गाडीत चढलं. टेंपो रिकामा गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या मुलुखात वस्तू परत करायचा सराव करतात आणि वस्तू मात्र परत करत नाहीत, तिथे मी एकतीस वर्षं गणवेश घालतोय, याची त्या दिवशी मला लाज वाटली. घरी जेवण गेलं नाही. बायकोने ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच आल्या. तेलाचा दिवस नव्हता. समोरच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, रजिस्टर दाखवा. मी दाखवलं. त्यांनी आपली सही बराच वेळ बघितली.

"म्हणजे मशीन मला मिळालंय?"

"कागदावर मिळालंय, ताई."

"मग आत पडलंय ते कुणाचं?"

मी रजिस्टर उचललं आणि साहेबांकडे गेलो. म्हटलं, ही नोंद रद्द करू का? साहेब खवळले. खाडाखोड केली तर चौकशी लागेल, आणि मंत्र्यांच्या कार्यक्रमातली नोंद, टीव्हीवर दिसलेली. बरं, नव्याने जमा करून घेऊ का? तर त्याला नवा गुन्हा लागतो, कुणाविरुद्ध नोंदवणार? मंत्र्यांविरुद्ध? बरं, मग कोर्टाला कळवू का? काय कळवणार, जे परत केलं ते परत करायची परवानगी द्या म्हणून? हसं होईल ठाण्याचं.

मी शेवटचं विचारलं, "साहेब, मग त्या खोलीत जे आहे, ते काय समजायचं?"

"काही नाहीये त्या खोलीत," साहेब ओरडले. "रजिस्टर बघा की!"

एकतीस वर्षांत मी वरिष्ठांचा शब्द कधी मोडला नाही. मी खाली आलो, कुलूप काढलं, दोनशे सतराचं लेबल तोडलं आणि कोपऱ्यातली हातगाडी ओढून आणली. बाईंनी मशीनची दुसरी बाजू धरली. आमच्या दोघांच्या वयाला शोभेल असं ते काम नव्हतं. दोन ठिकाणी बोटं चेमटली, पण चढवलं एकदाचं.

फाटकावरच्या शिपायाने अडवलं. कागद कुठाय म्हणाला. कशाचा, म्हणून मी विचारलं. या मशीनचा. मी म्हटलं, रजिस्टरमध्ये मशीन नाही, हवं तर जाऊन बघ, साहेबांनाही विचार. तो साहेबांच्या खिडकीकडे बघत राहिला. साहेबांना आत्ता काही विचारायची त्याची हिंमत नसावी. त्याने फाटक उघडलं.

बाईंचं घर ठाण्यापासून तीन गल्ल्या मागे. दोन वर्षांत मला ते माहीत नव्हतं असं नाही, पण असं पायी मोजलं नव्हतं. भर दुपारी, गणवेशात हातगाडी ढकलत मी निघालो होतो आणि लोक बाजूला होऊन बघत होते. त्यांना वाटलं असेल, पोलीस काहीतरी जप्त करून नेतायत. वाटेत मनात हिशेब चालू होता. उद्या खटला उभा राहिला, कोर्टाने मशीन मागितलं, तर बाई हजर करतील. मला नोटीस आली तर येईल. पेन्शनला हात लागला तर बायको काय म्हणेल, तेही ठरवून झालं.

मशीन जुन्या जागी बसवलं. फरशीवर पायांच्या चार खुणा होत्या, त्यांवर नेमकं. बाईंनी स्टूल ओढलं, कॅनव्हासचा एक तुकडा सुईखाली घातला, पण पाय लगेच चालवला नाही. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी विचारलं,

"भाऊ, दोन वर्षं अडवत कोण होतं?"

साहेबांचं नाव घ्यावं असं वाटलं. मग वाटलं, कोर्टाचं घ्यावं, किंवा समितीचं. माझ्या स्वतःच्या हाताने लिहिलेला तो 'हरकत नाही'चा कागद आठवला. तो साहेबांच्या टेबलावर ठेवल्यावर मी परत एकदाही मागायला गेलो नव्हतो.

"कुणीच नाही, ताई," मी म्हणालो. "कुणीच अडवत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"कुणी अडवत असतं तर भांडले तरी असते हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाय पट्टीवर ठेवला.