सुगनच्या पुतळ्याच्या मिशा

सुगनच्या पुतळ्यावरचं कापड ओढलं, ढोल वाजला, "सुगन अमर रहे!"च्या आरोळ्या उठल्या आणि त्याच्या आईनं, धापूनं, नाकापर्यंतची ओढणी झटकन हनुवटीपर्यंत खाली घेतली. पोटच्या पोरासमोर घुंगट! बायका आधी दचकल्या, मग तोंडात ओढण्या कोंबून हसायला लागल्या.

पण तिचा तरी काय दोष? चौथऱ्यावर बंदूक घेऊन साक्षात तिचा सासरा उभा होता. गालांवर चढलेल्या त्याच मिशा, तेच वटारलेले डोळे. म्हाताऱ्याला जाऊन जमाना झाला, पण हाताची सवय जाते होय?

"धापू, टिळा लाव," सरपंच हरलाल म्हणाला. तो तिचा थोरला दीर. त्याच्याशी थेट बोलायचं नाही, म्हणून ती शेजारच्या नणंदेला म्हणाली, "किस्तूरीबाई, विचारा त्यांना, माझं पोर कुठाय?"

"दादा, ती विचारतेय, पोर कुठाय?"

"ऐकलं मी! अगं, फोटोत हेल्मेटखाली नुसतं नाक दिसत होतं. म्हणून आमच्या बापूंचा फोटो दिला कारागिराला. घराणं एकच ना!"

"त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं म्हणावं."

"बिनमिशांचा शहीद? लोक म्हणतील, शाळेतलं पोर पाठवलं लढाईवर!"

"पोरच होतं म्हणावं."

हा निरोप काही किस्तूरीच्या तोंडून निघेना. तिला रडू फुटलं.

कारागीर बिचारा पुढे आला. "मिशा छाटून देतो की."

"खबरदार!" हरलाल कडाडला. "बापूंच्या मिशा छाटायला त्यांचा बाप मेलाय का?"

"मेलाय की, कधीच!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"अहो, पण पुतळा कोणाचा?" कारागीर रडकुंडीला आला.

"सुगनचा! मिशा बापूंच्या!"

"बरं, मिशा राहू देत. तोंड तरी कसं होतं त्याचं?"

एक म्हणाला गोल, दुसरा म्हणाला लांबट, तिसरा म्हणाला शूर. सगळे एकमेकांवर खेकसायला लागले.

धापूनं ओढणी मागे टाकली. नवरी होऊन आल्यापासून नवरा-पोर सोडलं तर गावातल्या एकाही पुरुषानं तिचं अख्खं तोंड पाहिलं नव्हतं. बाहेर आलेले कान, किंचित वर उचललेलं नाक, हनुवटीवर खळी.

"अरे, सुगन!" ढोलवाला बोलून गेला.

हरलालनं रीतीप्रमाणे मान फिरवायला हवी होती. तो बघतच राहिला, डोळे भरून.

"माझ्यावर गेला होता तो," धापू कारागिराला म्हणाली. "बघ नीट. मी उभी आहे."